एका क्लिकला दोन, खाली फिरवलं की वर: माऊसचा तोच बिघाड परत परत येतो तेव्हा

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला पावसाळ्यात काही फोन हमखास येतात. फोल्डरवर एकदाच क्लिक केलं तरी तो उघडतोय. फाइल ओढून नेताना मध्येच सुटते आणि भलत्याच फोल्डरात जाऊन पडते. कुणाचं चाक खाली फिरवलं की पान वर उडी मारतं. आणि फोन ठेवता ठेवता एक ठरलेलं वाक्य: "मागच्याच महिन्यात स्प्रे मारून घेतला होता हो, तेव्हा बरा झाला होता."

बिघाड परत येतो तो बहुतेक वेळा उपाय भलत्या जागी झाल्यामुळे. कुणी सेटिंग बदलतं, कुणी सेल बदलतं, कुणी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतं, कुणी फटीतून स्प्रे मारतं. चार दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. शोधायच्या जागा तीनच आहेत: कॉम्प्युटर, कॉम्प्युटर आणि माऊसमधली जोडणी, आणि माऊसच्या पोटातला धातूचा संपर्क. जायचंही याच क्रमाने, कारण पहिल्या दोन तपासायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

माऊस उघडण्याआधी

एका क्लिकला फोल्डर उघडत असेल तर सगळ्यात आधी फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये बघा. विंडोज ११ मध्ये ते वरच्या तीन टिंबांखाली आहे. तिथे 'सिंगल-क्लिक टू ओपन ॲन आयटम' निवडलेलं असेल तर माऊस ठणठणीत आहे. सुट्टीत आलेल्या भाच्याने नाहीतर दुरून मशीन बघणाऱ्या कुणीतरी ते बदललेलं असतं. खूण सोपी आहे. हे सेटिंग चालू असलं की फोल्डर प्रत्येक वेळी उघडतो, आणि पॉइंटर नुसता वर थांबवला तरी निवडला जातो. बटणाखालचा बिघडलेला स्विच इतका नेमाने वागत नाही. तो पाच-सात वेळा सरळ चालतो आणि आठव्याला दगा देतो.

चाक फिरवल्यावर पान सरकण्याऐवजी अक्षरं लहानमोठी होत असतील तर दोष कीबोर्डचा, कंट्रोल की अडकली आहे. ब्राउझरमध्ये पान आडवं सरकत असेल, किंवा एका क्लिकला ओळीने दहा फाइली निवडल्या जात असतील, तर शिफ्ट अडकली आहे. चहा सांडलेल्या कीबोर्डवर हा प्रकार नेहमीचा. कीबोर्डची वायर काढून चाक पुन्हा फिरवा, निकाल तिथल्या तिथे लागतो. लॅपटॉप असेल तर दोन्ही बाजूंच्या कंट्रोल आणि शिफ्ट एकेकदा ठोकून सोडा. बटण सोडल्यावरही वस्तू पॉइंटरला चिकटून राहते, असं असेल तर माऊसच्या ॲडिशनल सेटिंग्जमधलं क्लिकलॉक बंद करा. यातल्या कशासाठीही माऊसला हात लावायची गरज नाही.

आता खरा निवाडा. विंडोजमध्ये डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबलं की 'माऊस कीज' चालू करायचं का, असं मशीन विचारतं. हो म्हणा. मग नंबर पॅडवरचा ५ म्हणजे एक क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक, आणि शून्य सोडून बाकीच्या आकड्यांनी पॉइंटर सरकतो. ज्या फोल्डरवर त्रास होतो त्याच्यावर पॉइंटर ठेवून ५ सावकाश बऱ्याच वेळा दाबा. कीबोर्डवरून एकदाही डबल होत नाही आणि माऊसवरून होतो, म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस सगळे निर्दोष सुटले. लॅपटॉपवर हेच काम टचपॅड करतं. विंडोज पुन्हा टाकण्यात लोकांचा अख्खा शनिवार जातो तो इथे वाचतो. शिवाय डावं बटण अगदीच मेलं असेल तर दुकान उघडेपर्यंत याच युक्तीवर जीएसटीचं रिटर्नही भरता येतं, चिकाटी मात्र हवी.

मोजायचं कसं

माऊस तपासायची पानं इंटरनेटवर ढिगाने आहेत. बटण दाबलं की चित्रातलं बटण रंगतं, आकडा वाढतो, आणि चांगल्या पानांवर दोन क्लिकमधलं अंतर मिलिसेकंदांत दिसतं. कामाचा तो शेवटचा आकडा. माणसाने ठरवून भराभर बोट मारलं तरी दोन क्लिकमध्ये साधारण ८० ते १०० मिलिसेकंद जातातच. पान २०, ३०, ४५ असे आकडे दाखवत असेल तर ते बोटाचं काम नव्हे.

पण मला वर्डमधली चाचणी जास्त आवडते, कारण इंटरनेट नसलं तरी चालते आणि ज्याचा माऊस आहे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटते. वर्ड नसेल तर नोटपॅड घ्या. पानभर मजकूर टाका, एका लांब शब्दाच्या मधोमध पॉइंटर ठेवा आणि सेकंदाला एक यापेक्षाही सावकाश, शंभर क्लिक करा. एक क्लिक झाला तर कर्सर तिथे येऊन लुकलुकतो. डबल झाला तर अख्खा शब्द निवडला जातो. संपूर्ण शंभरात शब्द एकदा जरी रंगला तरी त्या बटणाचा स्विच गेला असं समजा.

शंभर क्लिक कंटाळवाणे आहेत हे कबूल, पण दहा क्लिकांत हा चोर सापडत नाही. एकाच तऱ्हेने दाबू नका. पंचवीस हलक्या हाताने, पंचवीस नेहमीच्या जोराने, पंचवीस बटणाच्या मागच्या बाजूला बोट ठेवून, आणि शेवटचे पंचवीस दाबून अगदी हळूहळू सोडत. हळूहळू सोडताना दोष लवकर उघडा पडतो, कारण सुटणारा संपर्क मध्येच पुन्हा टेकतो आणि माऊसच्या लेखी तो दुसरा क्लिक होतो.

मग ओढायची चाचणी. ओळीच्या सुरुवातीला बटण दाबून धरा आणि न सोडता पॉइंटर पानभर गोलगोल फिरवत राहा. निवडलेला मजकूर मध्येच तुटून नवी निवड सुरू झाली तर दाबलेल्या अवस्थेत संपर्क सुटतो आहे. फाइली भलत्या फोल्डरात पडतात त्या यामुळेच. मला हा बिघाड डबल क्लिकपेक्षा वाईट वाटतो. डबल क्लिक निदान दिसतो; वाटेत गळून पडलेलं सोसायटीचं ऑडिट फोल्डर कुठे गेलं हे दोन आठवड्यांनी कळतं, तेही सभेच्या आदल्या दिवशी. तसं झाल्याचा संशय आला तर दुसरं काहीही करण्याआधी कंट्रोल-झेड.

उजव्या बटणाचा दोष असेल तर मेनू उघडून लगेच मिटतो. चाक दाबून ब्राउझरचा टॅब बंद करा; एकाच्या जागी दोन गेले तर मधला स्विच. बाजूच्या बटणाने एक पान मागे जायच्या ऐवजी दोन गेलात तर त्या बटणाचा स्विच.

चाकासाठी एक्सेल उघडा. विंडोजमध्ये चाकाच्या एका टप्प्याला तीन ओळी हे मुळातलं सेटिंग आहे. रिकाम्या शीटमध्ये पहिल्या ओळीपासून चाक एकेक टप्पा खाली फिरवा आणि डाव्या कडेला सगळ्यात वर कोणता आकडा दिसतो ते वाचत जा: १, ४, ७, १०, १३. आकडा एखाद्या टप्प्याला जागचा हलला नाही, एकदम सहाने वाढला, किंवा मागे आला, की चाकाखालचा एन्कोडर, म्हणजे चाक किती आणि कुठे फिरलं ते चिपला सांगणारा भाग, दोषी. सुरुवातीला सावकाश, मग भराभर, दोन्ही दिशांनी बघा. भराभर फिरवतानाच उलट्या उड्या येत असतील तर बहुतेक घाण आहे. सावकाश फिरवतानाही येत असतील, किंवा हात न लावता पान आपोआप हलत असेल, तर झीज. हा नियम शंभर टक्के नाही, पण उघडायच्या आधी अंदाज बांधायला पुरतो.

डबल क्लिक स्पीडची पट्टी सोडून द्या

हा सल्ला प्रत्येक ठिकाणी मिळतो: माऊस सेटिंग्जमध्ये जा, डबल क्लिक स्पीड 'फास्ट' करा. त्याने काही होत नाही. ती पट्टी एवढंच ठरवते की दोन क्लिकमध्ये किती वेळ गेला तर त्याला डबल क्लिक म्हणायचं. विंडोजमध्ये हा वेळ मुळात ५०० मिलिसेकंद असतो आणि पट्टी पार टोकाला नेली तरी २०० च्या आसपास येतो. बिघडलेल्या स्विचचा संपर्क टेकता-सुटताना होणारी थरथर वीस-चाळीस मिलिसेकंदांतली. ती २०० च्या आतच बसते. उलट पट्टी टोकाला नेली की ज्येष्ठ मंडळींना खरा डबल क्लिक जमेनासा होतो आणि तक्रारी दोन होतात.

सॉफ्टवेअरने तात्पुरतं भागवायचंच असेल तर दोन मार्ग आहेत. गेमिंग माऊसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये काही वेळा 'डिबाउन्स टाइम' असतो, म्हणजे क्लिकनंतर ही थरथर किती वेळ दुर्लक्षायची तो वेळ, तो थोडा वाढवा. नाहीतर सेटिंग्जमध्ये मुख्य बटण उजवं करून टाका. डाव्याचा त्रास तेवढ्यापुरता संपतो आणि आठवड्यात बोटांना सवय होते. यातून एक तपासणीही आपोआप होते. बटणं अदलाबदल केल्यावर एका क्लिकला दोन होणं थांबलं तर दोष डाव्या स्विचचाच होता.

कधी असंही होतं की ऑफिसच्या विंडोज मशीनवर छळणारा माऊस मुलाच्या लिनक्स लॅपटॉपवर मुकाट चालतो, आणि मग संशय पुन्हा विंडोजवर जातो. लिनक्समध्ये माऊस हाताळणारी लिबइनपुट नावाची व्यवस्था अशी थरथर स्वतःच गाळते. बिघाड तिथेही आहे, फक्त झाकला गेला आहे. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघायचं तर तोही विंडोजचाच घ्या.

वायरलेस असेल तर

जोडणीचा दोष आणि स्विचचा दोष यांची सरमिसळ होते, पण फरक स्पष्ट आहे. सिग्नल तुटतो तेव्हा क्लिक गायब होतात, पॉइंटर अडखळतो, चाक थांबून थांबून चालतं. सगळंच एकत्र बिघडतं. स्विच बिघडतो तेव्हा पॉइंटर लोण्यासारखा सरकत असतो आणि एकच बटण नखरे करतं.

सिग्नलचा दोष निघाला तर नवा सेल घालून बघा, आणि मग डोंगल, म्हणजे माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, कुठे खोचलाय ते पाहा. शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असेल तर कारण सापडलं. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावा, नाहीतर छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन टेबलावर आणा. कॅबिनेटच्या मागे, लोखंडी टेबलाखाली, भिंतीला टेकवून डोंगल ठेवायचा आणि माऊसला नावं ठेवायची, हे फार चालतं.

वायरचा माऊस असेल तर वायर माऊसच्या मानेपाशी धरून सगळीकडे वाकवा. विंडोज मध्येच डिव्हाइस निघाल्या-लागल्याचा टुंग-टुंग आवाज करत असेल तर आतली तार तुटायला आली आहे.

आत नेमकं काय होतं

डाव्या बटणाखाली साधारण १२.८ मिलिमीटर लांबीचा एक काळा किंवा पांढरा ठोकळा असतो, हाच स्विच; त्याला तीन पाय. ओमरॉन कंपनीची डी२एफ मालिका हा यातला सर्वात ओळखीचा आकार, आणि कैल्ह, हुआनो वगैरेंचे त्याच मापात येतात. ठोकळ्यात वाकवलेल्या तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते. बटण दाबलं की ती टक करून पलटते आणि खालच्या संपर्काला टेकते. ती एकदम शांत टेकत नाही. स्टीलची वाटी ओट्यावर टाकली की स्थिर होण्याआधी जशी थरथरते, तशी काही मिलिसेकंद टेकते-सुटते-टेकते. माऊसमधल्या चिपला हे माहीत असतं, म्हणून पहिला स्पर्श धरून पुढचे काही मिलिसेकंद ती कानाडोळा करते.

पट्टी सैल पडली किंवा संपर्कावर काजळी धरली की थरथर लांबते. चिपचा कानाडोळा संपल्यावरही ती चालूच राहते आणि चिप प्रामाणिकपणे दुसरा क्लिक पाठवते.

मग डब्यावरचं 'एक कोटी क्लिक' कुठे गेलं? दिवसाला पाच हजार क्लिक आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तरी वर्षाचे पंधरा लाख होतात, म्हणजे स्विच सहा वर्षांहून जास्त टिकायला हवा. पण तो आकडा पट्टी मोडेपर्यंत किती वेळा पलटेल याचा असतो, संपर्क स्वच्छ राहील याचा नव्हे. जास्त प्रवाहाच्या स्विचमध्ये प्रत्येक जोडणीला बारीकशी ठिणगी पडून ऑक्साइडचा थर जळून जातो. माऊसमधला प्रवाह अगदीच किरकोळ, आणि वायरलेसमध्ये तर सेल टिकावा म्हणून आणखी कमी. थर जळत नाही, साठत जातो. खाडीकाठच्या ओलसर खाऱ्या हवेत, खिडक्या उघड्या असलेल्या ऑफिसात, धातू काळवंडायला वेळ लागत नाही. महापे-ऐरोलीच्या एसी इमारतींतल्या माऊसपेक्षा ठाणे स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्यांचे माऊस लवकर बोलू लागतात, यात मला नवल वाटत नाही. तिथे क्लिकही जास्त, आणि हवाही बाहेरचीच.

स्प्रेचा महिनाभराचा गुण यातूनच कळतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने काजळी विरघळते, संपर्क काही दिवस चकचकीत होतो. पट्टीचा गेलेला ताण स्प्रेने परत येत नाही आणि हवा तीच राहते. एकदा स्प्रे मारून बघायला हरकत नाही. तोच दोष परतला तर दुसऱ्यांदा स्प्रे मारू नका, स्विच बदला. आणि गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तर पहिल्यांदाही नको. त्याची साय संपर्कावर बसते आणि धूळ धरते. सॅनिटायझरही नको.

चाकाची गोष्ट वेगळी

चाकाखाली दोनपैकी एक व्यवस्था असते. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक माऊसमध्ये चाकाची दांडी एका छोट्या चौकोनी डबीच्या षटकोनी भोकात जाते. हा यांत्रिक एन्कोडर. दुसऱ्यात चाकालाच बारीक फटी असतात आणि एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर. चाक फिरलं की प्रकाश तुटत-लागत राहतो.

दोन्हींत दिशा कळायची रीत एकच. दोन संकेत असतात, एक दुसऱ्याच्या किंचित मागे चालणारा. आधी पहिला आणि मग दुसरा आला तर खाली, उलट आला तर वर. यातला एक संकेत घाणीमुळे गाळला गेला की चिपला क्रम उलटा दिसतो. खाली फिरवताना पान वर उडी मारतं ते एवढ्याचसाठी. चाकही उलटं फिरलेलं नसतं आणि विंडोजही चुकलेलं नसतं.

प्रकाशाचा एन्कोडर असेल तर बहुतेक वेळा नुसत्या सफाईने कायमचं काम होतं. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधल्या गाळ्यांवरचा माऊस उघडून बघा: चाकाच्या दोन्ही टोकांना केसांचा आणि सुतळीच्या तंतूंचा गच्च वेढा, त्यात अडकलेली मिरची-हळदीची तांबूस पिवळी पूड, आणि इन्फ्रारेड दिव्याच्या तोंडावर त्याचीच साय. उघडणारा आधी शिंकतो. चिमट्याने वेढा ओढून काढा, कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दिवा आणि सेन्सर पुसा, चाक साध्या पाण्याने धुऊन कोरडं करून बसवा. कापूस नीट पिळून घ्या, नाहीतर त्याचेच तंतू आत राहतात आणि तुम्ही आठवड्याने पुन्हा तिथेच.

यांत्रिक एन्कोडरला आधी बाहेरून बघा. डबीला वरून कवटाळणारी पत्र्याची पट्टी आणि तिची वाकवलेली टोकं दिसतात. ती सैल झाली असली की डबी फाकते, टप्पे गुळगुळीत लागतात आणि चाक दोन टप्प्यांच्या मधोमध लोंबकळतं. बारीक पकडीने ती टोकं हलकेच दाबून घट्ट करा, सोबत बाजूच्या फटीतून अल्कोहोलचा एक थेंब सोडून चाक दोन्हीकडे भरपूर फिरवा. अर्ध्याअधिक उलट्या उड्या इथेच थांबतात. थांबल्या नाहीत, किंवा काही आठवड्यांनी परतल्या, तर आतल्या चकतीवरचा मुलामा झिजला; नवा एन्कोडर घ्या. घेताना उंची मोजून न्या. ७, ९, ११ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या उंचीचे येतात आणि दोन मिलिमीटरचा फरक असला तरी चाक एकतर वर घासतं, नाहीतर आत बुडतं.

स्क्रोल करता करता ब्राउझरमध्ये बाणांचा छोटा गोल आपोआप उमटत असेल तर तो एन्कोडरचा दोष नव्हे. चाकाची दांडी खाली बसली आहे आणि मधलं बटण नकळत दाबलं जातंय. दांडीचा प्लास्टिकचा आधार तपासा.

उघडायचं ठरलं तर

वॉरंटी बाकी असेल तर थांबा. बिल शोधा, बदलून घ्या. स्क्रू बहुतेकदा तळाच्या घसरपट्ट्यांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात. लेबल फाटलं की वॉरंटीचा वाद सुरू.

सेल काढा, वायर असेल तर ती काढा. आतून चार्ज होणारा माऊस असेल तर बॅटरीचं कनेक्टर आधी सोडवा आणि बॅटरीला टोकदार काही लावू नका. घसरपट्टी नखाने एका टोकाने उचला, हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली तर डिंक न फाटता सुटते. वरचं कवच झटक्याने उपटू नका, अनेकदा वरच्या आणि खालच्या बोर्डाला जोडणारी कागदासारखी रिबन असते आणि ती तुटली की पुढचं सगळं व्यर्थ.

कवच निघालं की स्विच सोल्डर करायच्या आधी एक नजर बटणाच्या आतल्या बाजूला टाका. बटणाला आतून एक प्लास्टिकचं टोक असतं, तेच स्विचची टिकली दाबतं. वर्षानुवर्षं दाबून त्याला खळगा पडतो. 'क्लिक लागतो पण फार खोल दाबावं लागतं' ही तक्रार असेल तर स्विच चांगला असू शकतो. त्या टोकाला चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला की काम होतं. दोन थर लावू नका, बटण कायमचं दाबलेलं राहील.

मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर, ठेवून स्विचच्या पायांना लावा. दाबल्यावर ज्या दोन पायांत बीप येते ती जोडी कामाची. दाबून धरलेलं असताना बीप चिरकत असेल तर पुरावा हातात आला.

नवा स्विच लगेच मिळत नसेल तर उजव्या बटणाचा डावीकडे लावा. अनेक माऊसमध्ये दोन्ही एकाच जातीचे असतात आणि उजवा त्या मानाने फारच कमी दाबला गेलेला असतो. विकत घ्यायचा तर मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, आहेच; ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडली की झालं. जुना स्विच खिशात घेऊन जा आणि मापाला माप लावून बघा. दोन-चार जादा घ्या, माऊसच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. कमी प्रवाहासाठी केलेल्या काही स्विचांत संपर्काला सोन्याचा मुलामा असतो. मिळाला तर ओलसर हवेसाठी तोच घ्यावा असं माझं मत.

जुना काढताना तिन्ही पायांवर आधी थोडं ताजं सोल्डर वाढवा, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा. कोरडं जुनं सोल्डर उकरत बसलं की बोर्डावरची तांब्याची कडी उचलली जाते. नवा बसवण्याआधी जुन्याचा फोटो काढलेला असू द्या, कारण वरची टिकली मधोमध नसून एका टोकाकडे असते आणि स्विच उलटा बसला की बटण तिच्यावर येतच नाही. ठोकळा बोर्डाला पूर्ण टेकलेला हवा, तिरका राहिला तर क्लिक जड लागतो.

जुना स्विच उघडून पट्टी पुन्हा वाकवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. जमतं, पण वरची टिकली तिळाएवढी असते आणि ती फरशीवर उडाली की संध्याकाळ तिच्यामागे जाते. नवा स्विच मिळत असताना त्या वाटेला जाऊ नये.

कवच लावण्याआधी सेल घालून शंभर क्लिकांची तीच चाचणी पुन्हा करा, सावकाश सोडायचे पंचवीस तर नक्की. पास झाला की तळाला मार्करने तारीख आणि कोणता स्विच बदलला ते लिहा. नवा स्विच लावूनही काही दिवसांत तोच त्रास परत आला तर आधी सोल्डरचे सांधे भिंगातून पाहा. मातकट, खडबडीत दिसणारा सांधा पुन्हा गरम करा. तेही करून झालं असेल आणि मल्टिमीटरची बीप अखंड येत असेल, तर दोष स्विचमध्ये राहिलेलाच नाही, बोर्डात किंवा चिपमध्ये आहे, आणि तिथे आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्यातले चांगले स्विच, चाक आणि एन्कोडर सुट्या भागांच्या डबीत काढून ठेवा. बाकीचं ई-कचऱ्यात द्या. नवा घेताना ऑप्टिकल स्विचचा परवडत असेल तर तो बघा, त्यात क्लिकसाठी धातूला धातू टेकतच नाही, प्रकाशाचा किरण तुटतो किंवा सुटतो. चाक मात्र त्यातही यांत्रिक असू शकतं, ते विचारून घ्या.